धावा

आपल्या मराठीत मदत कधी चालत येत नाही, ती धावून येते. शेजारी अडल्यानडल्याला धावतो, देव भक्ताच्या हाकेला धावतो. द्रौपदीनं तर नुसता धावा केला आणि धावावं लागलं ते कृष्णाला. तेव्हा परोपकार आणि पळणं यांची सोयरीक विलायतेत जुळली, असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. फरक एवढाच, की आपल्याकडच्या धावण्याच्या शेवटी संकटात सापडलेलं माणूस असे. हल्लीच्या धर्मादाय शर्यतीच्या शेवटी एक केळं आणि एक पदक असतं.

बायकांच्या अशाच एका शर्यतीत मी नाव घातलं. मुंबईत, पाच किलोमीटर, कर्करोगाच्या रुग्णांसाठी. आमच्या शिरगावात पाच किलोमीटरांचं कोणाला अप्रूप नाही. पालघरचं स्टेशन त्याहून लांब आहे. सरावाला मी पहाटे किल्ल्याच्या बाजूनं समुद्रावर उतरले आणि ओल्या वाळूवरून सातपाटीच्या दिशेनं पळत सुटले. पहिल्याच दिवशी माझ्यामागून दोन कुत्री आणि तीन हितचिंतक धावले. "काय झालं हो वहिनी? घरी सगळं ठीक ना?" बाईमाणूस पळतंय म्हणजे काहीतरी घडलेलं असणारच! काही घडलेलं नाही, हे ऐकून तिघांचा चेहरा पडला. कुत्र्यांचाही.

पण पळणं परवडलं, पैसे मागणं महाकठीण. शर्यतीआधी प्रत्येकीनं ओळखीपाळखीतून देणग्या गोळा करायच्या, अशी रीत. मी वही घेऊन प्रथम आमच्या वाण्याकडे गेले.

"पैसे तुम्हाला?"

"नाही, रुग्णांना."

"मग रुग्ण पळणार?"

"नाही हो, मी पळणार."

"तुम्ही पळाल्यावर त्यांना बरं वाटणार?"

या तर्कशास्त्रापुढे मी काय बोलणार? तेवढ्यात मासळीची पाटी उतरवून टेकलेली मावशी म्हणाली, "अगं बाय, पैसे द्यायचे तर दे की! पळतेस कशाला?" वाण्यापेक्षा हा प्रश्न अवघड होता. बूट, प्रवेशाची फी, गाडीभाडं आणि आदल्या रात्री दादरच्या मावसबहिणीकडे न्यायचा खाऊ यांची बेरीज करून ती रक्कम सरळ धाडली असती, तर रुग्णांचं आणि माझ्या गुडघ्यांचं, दोघांचंही भलं झालं असतं.

मग जगातल्या शहाण्यासुरत्या बायका पळतात तरी कशाला? १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. एवढं धावणं नाजूक प्रकृतीला झेपत नाही असं पुरुषांनी ठरवलं आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. (ठरवणाऱ्यांपैकी कोणी डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन विहिरीवरून घरी आल्याचं ऐकिवात नाही.) त्याच बायकांच्या लेकी-नाती १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी पाच किलोमीटर धावल्या. ६८० जणींनी ४८ हजार पौंड जमवले, म्हणजे दरडोई सत्तर पौंड. त्या 'रेस फॉर लाइफ'मध्ये पुरुषांना प्रवेश मिळाला तो २०१९ साली. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१२ साली मुंबईत बायकांची 'पिंकेथॉन' सुरू केली, तीही स्तनांच्या कर्करोगाबद्दल बायकांनी बोलावं म्हणून. तिथे साडी नेसूनही बायका धावतात.

त्या 'बोलावं' या शब्दाशी मी थबकले. आपल्याकडे देवीच्या नावानं जोगवा मागतात. घरी धान्याची कणगी भरलेली असली तरी बाई परडी घेऊन पाच घरी जाते. तिला मूठभर पिठाची गरज नसते. गरज असते दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याची. ही शर्यत म्हणजे बूट घालून मागितलेला जोगवाच की!

दुकानातली गर्दी पांगल्यावर वाण्यानं मला परत बोलावलं. वहीत पाचशे रुपये लिहायला सांगितले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्या धाकट्या बहिणीचं परळला टाटात चालू आहे. चार महिने झाले." चार महिने! मीठ किती, मिरच्या किती हे रोज बोलणाऱ्या आम्हा गावकऱ्यांत कोणालाच याचा पत्ता नव्हता. माझ्या घामानं तिच्या आजाराला काडीचा उतार पडणार नव्हता. पण मी पळणार म्हणून मागायला गेले, आणि मी मागितलं म्हणून तो बोलला. नुसती मनिऑर्डर केली असती तर हे घडलं नसतं.

इथेच थांबून पाठ थोपटून घ्यायला हरकत नव्हती, पण बारामतीच्या लता करे आठवतात. साठी ओलांडलेली ही कष्टकरी बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून तिथल्या मॅरेथॉनमध्ये तीन किलोमीटर धावली, नऊवारीत, अनवाणी. पहिली आली, पाच हजार रुपये मिळाले. पुढे २०२० साली तिच्यावर सिनेमा आला, त्यात तिनं स्वतःच काम केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आजारी नवरा ही बातमी नव्हती. धावणारी बायको ही बातमी झाली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. आपलं मात्र कसलं कौतुक? गरजवंतालाच धावायला लागलं, तर तो धर्मादाय राहत नाही, तो आपला तमाशा होतो.

तेव्हा मावशीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: जिला गरज आहे तिच्यावर पदर खोचून पळायची पाळी येऊ नये, म्हणून जिला गरज नाही तिनं पळायचं. मावशीला ते अर्धंमुर्धं पटलं असावं. किती किलोमीटर, कोणासाठी, पावती मिळेल का, काही न विचारता तिनं कनवटीचे वीस रुपये काढून दिले आणि म्हणाली, "पळ. पण शेवटची आलीस तरी चालेल हो, पैसे परत मागणार नाही."

मी शेवटची आले नाही. माझ्यामागे चौघी होत्या.