परीक्षा सरली, नियम उरला

राज्यसत्ता माणसाच्या उदरनिर्वाहाच्या मार्गांत जीं बंधनें घालते, त्यांपैकीं वैद्यकाच्या परवान्याचें बंधन बहुतेक सर्वांस न्याय्य वाटतें. शिंप्याचें काम बिघडलें तर कापड वायां जातें. वैद्याचें बिघडलें तर माणूस जातो. शिवाय कापड कसें शिवलें आहे हें गिऱ्हाइकास स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतें. औषध बरोबर दिलें कीं चूक, हें रोग्यास बहुधा कधींच कळत नाहीं. म्हणून रोग्याच्या वतीनें पारख करण्याचें काम राज्यानें आपल्याकडे घेतलें आणि परीक्षा हें त्या पारखीचें साधन ठरविलें. येथवर वाद नाहीं. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाचा. ज्या नियमाच्या आधारें राज्य इतरांची पारख करतें, त्या नियमाची पारख कोणीं व केव्हां करावयाची? शास्त्र बदललें, परीक्षा बदलली, पण नियमाचा मजकूर तसाच राहिला, तर त्यास मान देणें हें कर्तव्य कीं केवळ संवय?

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष स्पष्टपणें पाहावयास मिळतो. तेथें डॉक्टरांस परवाना देण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास नसून एकेका संस्थानास आहे. परीक्षा मात्र, ऑस्टिओपॅथीच्या पदवीधरांची निराळी परीक्षा सोडल्यास, देशभर एकच आहे. म्हणजे परीक्षा एका ठिकाणीं तयार होते आणि तिच्याविषयींचे नियम पन्नास ठिकाणीं लिहिले जातात. परीक्षा घेणारी संस्था एका ठरावानें तिचें स्वरूप पालटूं शकते. संस्थानास मात्र नियम बदलावयाचा तर मसुदा प्रसिद्ध करणें, लोकांचें म्हणणें ऐकणें, मग तो मंजूर करणें, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. ही दोन चाकें एका वेगानें फिरत नाहींत. मुंबई, पुणें, नागपूर येथें एम. बी. बी. एस. होऊन तिकडे जाण्याची उमेद बाळगणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घरास ह्या विसंगतीची झळ परकी नाहीं.

संस्थानांच्या ह्या अधिकाराची बैठक 1889 सालीं पक्की झाली. वेस्ट व्हर्जिनियांत फ्रँक डेंट नांवाचा वैद्य 1876 पासून धंदा करीत होता. 1882 च्या कायद्यानें त्याच्याकडे तिहींपैकीं एक गोष्ट मागितली: मान्य विद्यालयाची पदवी, संस्थानांतील दहा वर्षांचा अनुभव, किंवा सरकारी परीक्षेंतील यश. त्याचीं दहा वर्षें भरलीं नव्हतीं; सिनसिनाटी येथील एका विद्यालयाची पदवी त्यानें पुढें केली, ती मंडळानें मानली नाहीं; आणि परवान्यावांचून धंदा केल्याबद्दल त्यास 50 डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें व तेथेंही डेंट हरला. न्यायमूर्ति स्टीफन फील्ड ह्यांच्या निकालाचा आशय असा कीं, वैद्याची गरज कोणासही पडूं शकते, पण त्याचें ज्ञान जोखण्याची शक्ति फार थोड्यांस असते. तेव्हां राज्यानें हमी मागावी हें योग्यच.

हा निकाल राज्याच्या अधिकाराचा आधार म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच निकालांत आणखी दोन विचार आहेत, आणि आमच्या मतें त्यांचें मोल तितकेंच मोठें आहे. मागितलेली पात्रता धंद्याशीं संबद्ध असावी व वाजवी अभ्यासानें आणि परिश्रमानें ती संपादतां यावी, हा पहिला. तसें नसेल तर माणसाचा धंद्याचा हक्कच हिरावला जातो. उपचाराच्या नव्या पद्धति निघाल्या म्हणजे राज्य नव्या अटीही घालूं शकतें, हा दुसरा. ह्या दुसऱ्या विचारांतून आम्ही एक पाऊल पुढें जातों. काळाबरोबर अट वाढविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, काळाबरोबर गतार्थ झालेली अट काढून टाकण्याचें कर्तव्यही त्याच्याकडेच येतें. अधिकार घ्यावा आणि कर्तव्य टाळावें, ही सोय कोणत्याही नीतिशास्त्रांत नाहीं.

आतां वस्तुस्थिति पाहूं. राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळ 1915 सालीं स्थापन झालें. त्याची परीक्षा कांहीं संस्थानें मानीत, कांहीं आपलीच परीक्षा घेत. 1968 पासून संस्थानांच्या मंडळांनीं ‘फ्लेक्स’ नांवाची सामायिक परीक्षा स्वीकारण्यास आरंभ केला. 1992 ते 1994 च्या दरम्यान ह्या दोहोंच्या जागीं तीन टप्प्यांची आजची परीक्षा आली. तिच्या दुसऱ्या टप्प्यास 2004 सालीं एक प्रात्यक्षिक भाग जोडला गेला. रोग्यांचें सोंग घेतलेल्या बारा शिकविलेल्या व्यक्तींस उमेदवारानें तपासावें, प्रत्येकीस पंधरा मिनिटें द्यावीं, मग टिपण लिहावें, असें त्याचें स्वरूप होतें. ही परीक्षा देशांतील अवघ्या पांच शहरांत होत असे. तिची फी हजार डॉलरांहून अधिक होती. परदेशी उमेदवारास तेवढ्यासाठीं समुद्रापलीकडे जावें लागे. 2020 च्या मार्चमध्यें महामारीमुळें ती थांबली आणि 2021 च्या जानेवारींत ती कायमची बंद केल्याचें जाहीर झालें.

परीक्षा बंद करण्यास एक दिवस पुरला. परंतु ज्या नियमांत त्या परीक्षेचें नांवच लिहिलेलें असतें, तो नियम त्या दिवशीं आपोआप बदलत नाहीं. जी परीक्षा पृथ्वीवर कोठेंही होत नाहीं, तिच्या यशाचा दाखला तो मागतच राहतो. फील्ड ह्यांच्या कसोटीस असा नियम उतरत नाहीं, कारण कितीही अभ्यास केला तरी ती पात्रता संपादतां येणार नाहीं. अनेक परीक्षांची नांवें अशा रीतीनें नियमपुस्तकांच्या पानांत मागें राहतात. साप निघून गेल्यावर भुई धोपटण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें भुईच्या जागीं उमेदवाराची पाठ असते.

दुसरी अट मुदतीची. परीक्षेचे सर्व टप्पे सात वर्षांच्या आंत पुरे व्हावे, असा नियम पुष्कळ संस्थानांत आढळतो. त्याचा हेतु उघड आहे: ज्ञान शिळें होऊं नये. परंतु एम. डी. बरोबरच संशोधनाची पीएच्. डी. करणाऱ्यांचीं वर्षें सहज अधिक होतात. म्हणून कांहीं ठिकाणीं त्यांच्यासाठीं मुदत वाढविली गेली. मग आजारी पडलेल्यांचें काय? मूल झाल्यामुळें मध्यें थांबलेल्या स्त्रीचें काय? परदेशांतून परीक्षा देऊन रुग्णालयांतील उमेदवारीची जागा मिळेपर्यंत वाट पाहात बसलेल्याचें काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न हा: ज्यानें तीस वर्षांपूर्वीं हीच परीक्षा दिली व परवाना मिळविला, त्याची परीक्षा शिळी झाली असें हा नियम म्हणत नाहीं. त्यानें ठराविक तास व्याख्यानें ऐकलीं, शिक्षणाची नोंद केली, कीं परवान्याचें नूतनीकरण होतें. दाराबाहेर उभा असलेल्याचें ज्ञान सात वर्षांत नासतें आणि दाराच्या आंत आलेल्याचें तीस वर्षें टिकतें, हें रोग्याच्या हिताचें तत्त्व म्हणतां येत नाहीं. तें दाराचें तत्त्व झालें.

तिसरी अट प्रयत्नांची. कोठें प्रत्येक टप्प्यास तीनच प्रयत्न, कोठें अधिक, कोठें मर्यादाच नाहीं. एकाच माणसास नदीच्या ह्या तीरावर अपात्र आणि त्या तीरावर पात्र ठरविणारे हे आंकडे आहेत. संस्थानें स्वतंत्र आहेत, तेव्हां नियमांत भेद राहणारच, हें आम्हांस मान्य आहे. पण भेदास कारण हवें. तीनच कां, ह्याचें उत्तर ज्या मंडळास देतां येतें त्याचा तीनाचा आंकडा कठोर असला तरी न्याय्य असूं शकेल. ज्यास देतां येत नाहीं त्याचा आंकडा हा केवळ वारसा होय.

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. तो पक्ष म्हणतो: नियम सैल करण्याची मागणी नेहमीं उमेदवारांकडून येते, रोगी अर्ज घेऊन कधींच येत नाहीं, कारण उद्यां रोगी कोण होणार हें आज कोणासच ठाऊक नसतें. जो बोलूं शकत नाहीं त्याच्या रक्षणार्थ नियम अढळ असावा. इतिहासही ह्या पक्षास कांहींसा साक्ष देतो. 1830 नंतरच्या काळांत अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांनीं परवान्याचे जुने कायदे मोडून टाकले. त्यानंतर निकृष्ट विद्यालयांचें पीक आलें, आणि 1910 सालीं अब्राहम फ्लेक्सनर ह्यांनीं अमेरिका व कॅनडा येथील 155 विद्यालयें पाहून जो अहवाल लिहिला, त्यानें त्यांपैकीं कित्येकांचें दैन्य उघड केलें.

पण ह्याच इतिहासाचें दुसरेंही पान आहे. 1925 सालीं विस्कॉन्सिन व कनेक्टिकट ह्या संस्थानांनीं परवान्याच्या परीक्षेपूर्वीं मूलभूत शास्त्रांची एक स्वतंत्र परीक्षा लावली. अर्धशिक्षित उपचारकांस बाहेर ठेवणें हा तिचा मुख्य उद्देश होता. पुढें वीसांहून अधिक संस्थानांनीं तें अनुकरण केलें. विद्यालयें सुधारलीं, राष्ट्रीय परीक्षा आली, पण ही चाळणी राहिलीच. आणि एका संस्थानांतून दुसऱ्यांत जाऊं इच्छिणाऱ्या चांगल्या, अनुभवी डॉक्टरांस ती अडवूं लागली. 1970 ते 1980 ह्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती सर्वत्र रद्द झाली. अढळ नियमानें रोग्याचें रक्षण होतें असें नाहीं. कधीं कधीं तो रोग्यापासून डॉक्टरासच दूर ठेवतो. कठोर नियम आणि शिळा नियम ह्यांत जो भेद आहे, तो विरुद्ध पक्षानें लक्षांत घ्यावा. आमचा आक्षेप कठोरपणास नाहीं.

कोणी म्हणेल, व्यवहारांत ह्याचा एवढा बाऊ कशाला? मंडळांवरील माणसें शहाणीं असतात. कालबाह्य अट तीं सोडून देतात. हें बहुधा खरें आहे, आणि आमच्या मतें नेमकी येथेंच नीतीची हानि होते. नियम शिळा असला म्हणजे जो न्याय सर्वांस हक्कानें मिळावयाचा, तो कृपा म्हणून मागावा लागतो. कृपा मागण्यास ओळख लागते, वकील लागतो, धीर लागतो, निदान अशी सूट मिळते ही माहिती लागते. त्या देशांत जन्मलेल्या व नामांकित विद्यालयांत शिकलेल्या उमेदवारास हें सर्व सुलभ असतें. दूर देशांतून आलेला, नियमाचें अक्षर प्रमाण मानणारा सरळ मनुष्य अट वाचतो व अर्जच करीत नाहीं. अधिकाऱ्याचा चांगुलपणा अशा रीतीनें नियमाचा दोष झांकतो, आणि झांकलेला दोष दुरुस्त करण्याची कोणास निकड भासत नाहीं.

मग करावें काय? पहिली गोष्ट, नियमांत पात्रतेचें वर्णन असावें; परीक्षेचें नांव बदलत्या परिशिष्टांत असावें. रोग्याशीं बोलणें आणि त्यास तपासणें येतें कीं नाहीं हें पाहणें हा हेतु आहे, ती अमुक नांवाची परीक्षा हा हेतु नव्हे. दुसरी, प्रत्येक आंकड्याशेजारीं त्याचें कारण लिहिलें जावें, म्हणजे कारण सरलें कीं आंकडा सरेल. तिसरी, नियमाच्या आयुष्यास मर्यादा असावी. कोलोरॅडोनें 1976 सालीं व टेक्ससनें 1977 सालीं ‘सूर्यास्ताचा कायदा’ केला. टेक्ससमध्यें सरकारी मंडळांचें परीक्षण साधारणतः बारा वर्षांनीं होतें आणि आपली आवश्यकता त्यांस पुन्हा सिद्ध करावी लागते. मंडळांस जें लागू आहे, तें त्यांच्या एकेका नियमास लागू करण्यास काय हरकत आहे? चौथी, परीक्षा बदलते त्या संधिकालांत जे अडकले असतील, त्यांची सोय नियमांतच असावी. ती कोणाच्या मर्जीवर सोडूं नये.

डॉक्टरानें एकदां मिळविलेल्या ज्ञानावर जन्मभर विसंबूं नये, म्हणून राज्य त्याच्याकडून परवान्याचें ठराविक काळानें नूतनीकरण करवून घेतें. ही मागणी रास्त आहे. मात्र ती करणाऱ्यानें आपल्या नियमपुस्तकावरही तीच तारीख घालावी, आणि ती उलटल्यावर डॉक्टराइतक्याच सक्तीनें तें तपासणीस आणावें.