विवाहास साक्षी किती लागतात?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील आमच्या मंडळीतील एका शेतकरी बंधूने मला विचारले, “पाळकसाहेब, लग्न लहान केले तर ते उणे ठरते काय?” त्याच्या मुलीचे साक्षगंध झाले होते. वरपक्षाने हुंडा मागितला नव्हता. “पाहुण्यांची सोय नीट व्हावी,” इतकेच सुचविले होते. त्या सोयीपायी दोन एकर शेत गहाण टाकण्याचा त्याचा विचार चालला होता.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. विवाह कशाने सिद्ध होतो याविषयी आपल्या लोकांची समजूत पुष्कळ पालटली आहे. एके काळी वडिलांनी शब्द दिला की काम झाले; मुलीस कोण विचारतो? रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना लावून दिले होते. 1884 साली मुंबईच्या न्यायालयात पतीने दावा लावला, तेव्हा माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मजवर बंधनकारक कसे, असे त्यांनी विचारले. पतीकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असेही त्या म्हणाल्या. पुढे 1929 च्या कायद्याने मुलीचे वय 14 व मुलाचे 18 ठरविले. 1978 साली ते 18 व 21 झाले.

रखमाबाईंच्या दाव्यापूर्वीच, 1872 साली, ख्रिस्ती विवाहाचा कायदा झाला होता. त्यात अधिकृत व्यक्ती, दोन विश्वासू साक्षीदार व वधूवरांच्या तोंडचे वचन एवढ्यावर एतद्देशीय ख्रिस्ती विवाह सिद्ध होई. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1873 रोजी, सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह पुरोहितावाचून लागला. दोन्हीकडे भार वचनावर. पंगतीचा उल्लेख नाही.

मग हजार माणसे कशाला? ती निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. गावाने पाहिलेले लग्न सहज मोडता येत नाही. सासरी मुलीचा छळ झाल्यास बोलणारी चार माणसे असतात. पूर्वी लग्न चार-चार दिवस चाले, तरी धान्य बहुधा घरचे, मांडव भाऊबंदांनी घातलेला, भांडी शेजारची. आज मंगल कार्यालय, आचारी, डीजे, छायाचित्रे या सर्वांस रोकड मोजावी लागते. वरात तीच, पण घरचे हात गेले आणि बिल आले!

शेतकऱ्यास उधळ्या म्हणण्याची मात्र घाई नको. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा चौकशी आयोगाने लिहिले की लग्नखर्चास उगाच फार दोष दिला जातो. बी, बैल, सारा व पोटाचे अन्न यांसाठी वारंवार काढलेले लहान कर्जच अधिक साचते. हे आजही आपल्या कापूसवाल्यास ठाऊक आहे. पण त्याच ओझ्यावर एका दिवसाचे मोठे कर्ज चढले तर ते शेतासच खाते. याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा खराटा हाती घेऊन, ऋण काढून सण करू नका, असे गावोगाव सांगत फिरले ते उगीच नव्हे.

मी त्या बंधूस विचारले, “मुलगी काय म्हणते?”

“स्थळ तिला पसंत आहे. तिला विचारूनच ठरविले.”

“आणि गहाणाविषयी?”

तो गप्प झाला. ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. थोड्या वेळाने टोपी झटकून तो उठला व म्हणाला, “आज संध्याकाळी विचारतो.”