गोंदणाआधीची भाकरी

‘आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. दारू घेऊ नका. पाणी भरपूर प्या. येताना पोटभर जेवून या.’ टॅटूवाल्यानं पाठवलेल्या सूचना भाचा मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होता. आवाज ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा. पण शेवटची सूचना ऐकून माझा भाकरी थापणारा हात थांबला. ऑपरेशनला उपाशी पोटी बोलावतात, कारण तिथं माणसाला झोपवायचं असतं. इथं जेवून यायचं, कारण सात तास जागं राहायचं आहे. भूल घेऊन करून घ्यायच्या गोष्टीला आपण एकदाच होकार देतो. कागदावर सही केली की पुढचं सगळं दुसऱ्यांच्या हाती. जागेपणी सोसायच्या गोष्टीत अशी सुटका नसते.

भाचा ईट गावाहून आदल्या संध्याकाळी पुण्याला माझ्याकडे उतरला होता. पिशवीत पेढ्यांचा डबा. आमच्या भूम तालुक्यातलं माणूस खव्याशिवाय घर सोडत नाही. अलीकडे तिथल्याच कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडच्या पाहुणचाराला मात्र त्याची वाट कधी बघावी लागली नव्हती. ‘आत्या, मधेच साखर कमी पडली तर पेढा चालंल म्हणाले,’ असं त्यानं सांगितलं. म्हणजे त्यानं खरोखरच टॅटूवाल्याला फोन करून विचारलं होतं.

उजव्या दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत आई तुळजाभवानी आणि भोवती कवड्यांची माळ गोंदवायची होती. दंड इतकी वर्षं कोरा होता, तो मुद्दाम ठेवला होता म्हणून. पोरगा सैन्यभरतीसाठी पहाटे उठून सोळाशे मीटर पळायचा. सैन्याचा नियम असा की हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंज्याच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं. दंड, छाती, पाठ इथं चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे, इतरांना नाही. त्याच्याबरोबर पळणाऱ्या सगळ्या पोरांना हा नियम पाठ होता. मग एके दिवशी भरतीचं वय उलटलं. त्यानंतर त्यानं पहिली कुठली गोष्ट केली असेल, तर या दंडासाठी पैसे साठवायला घेतले. घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आमच्या घरात गोंदण आजीच्या अंगावर होतं. हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन, मनगटाशी विंचू, कपाळावर चांदणी, हनुवटीवर एक ठिपका. माझी वेळ आली तोवर मी शाळेत जात होते आणि आई म्हणाली, नको, बाई हसतील. त्यामुळे आजीचं गोंदण आणि भाच्याचा टॅटू यांच्या मधली मी, कोऱ्या कातडीची. दोघांबद्दल लिहायला मला त्यामुळे थोडं संकोचल्यासारखं होतं. सुई न टोचलेल्या माणसानं सुईबद्दल फार बोलू नये.

आजीचं गोंदण येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या जत्रेतलं. ती साल सांगायची नाही, ‘रझाकाराच्या आदी दोन-तीन वर्सं’ म्हणायची. तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. चैत्री पौर्णिमेची जत्रा, बैलगाड्या, आणि देवीच्या पालखीसोबत चुनखडी वेचायला निघालेली माणसं. चुन्याचे खडे वेचून आल्यावर तिच्या आईनं तिला गोंदणारणीपुढं बसवलं. वय सात-आठ. मावशी पायांवर बसली, आईनं मनगट धरलं आणि मोकळ्या हातात गोडीशेव दिली. गोंदणारणीकडं दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, करवंटीत कालवलेली दिव्याची काजळी, शेजारी हळद. मोबदला ज्वारीत. सुई चालू झाली तशी तिनं गाणं धरलं आणि गाण्यात पोरीच्या मामाचं, भावाचं नाव गुंफत गेली.

‘रडलं की हात हालतोय, हात हालला की तुळस वाकडी,’ आजी सांगायची. आणि तुळस वाकडी होतीच. तिच्या एका फांदीतला एक ठिपका रांग सोडून बाजूला पडला होता. लहानपणी आम्ही त्यावर बोट ठेवून विचारायचो, हे काय? ‘थितं म्या हात वढला.’

तो ठिपका मला आता फार मोठा वाटतो. आजीला कुणी विचारलं नव्हतं. तिची कुठलीही तयारी नव्हती, तयारी होती ती तिला धरणाऱ्यांची: हळद सोबत आणणाऱ्या आईची, पाय दाबून बसलेल्या मावशीची. तिनं दिलेला एकमेव नकार त्या ठिपक्यात उमटला, आणि बाकीच्या तुळशीसारखाच कायमचा होऊन बसला.

गोंदणातली जबरदस्ती ही काही नुसती घरगुती गोष्ट नव्हे. 1797 मध्ये कंपनी सरकारनं बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याचा नियम केला. नाव तेच, गोदना. बायका दागिना म्हणून मिरवत होत्या त्या रीतीचाच सरकारनं पळून गेलेला कैदी ओळखायचा शिक्का केला. सुटून आलेले लोक फेटा भुवयांपर्यंत ओढून बांधत. 1849 साली ती शिक्षा बंद झाली. एकच काजळी, एकच सुई. एकीकडे ती दाखवायची, दुसरीकडे झाकायची. आजीची गोष्ट मी या कैद्यांच्या रांगेत बसवणार नाही. पण ‘ती आपली गोड परंपरा होती’ असं लिहिणाऱ्यांच्या रांगेतही मला बसवत नाही. गोडीशेव होती, हे खरं.

त्या गोडीशेवेचा आणि गाण्याचा काही उपयोग होत असेल का? होत असावा. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदना ही तारेतून विजेसारखी थेट मेंदूत जात नाही. पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं, आणि स्पर्शाच्या संवेदना, शिवाय मेंदूतून खाली येणारे निरोप ते दार ओढून घेऊ शकतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो ते याच हिशेबानं. आईनं घट्ट धरलेलं मनगट, कानात मामाचं नाव, जिभेवर गूळ. मेलझॅक जन्मायच्या कितीतरी आधी बायकांनी त्या दाराला खांदा लावलेला होता. पोरीला धरून ठेवणं आणि तिला धीर देणं या दोन गोष्टी एकाच मुठीत होत्या, आणि त्या वेगळ्या काढता येत नाहीत, हीच तर अडचण.

हीच गुंतागुंत दूरवरही दिसते. सामोआ बेटांवर पुरुषांचं पारंपरिक गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतं. दातेरी फणीवर काठीनं ठोकत ते कितीतरी दिवस चालतं. नातलग भोवती बसतात, कातडी ताणून धरायला वेगळे मदतनीस असतात. मधेच सोडून उठलेल्याचं अर्धं गोंदण मात्र जन्मभराची नामुष्की. तिथं पहिल्या ठोक्याआधीच सगळा होकार देऊन टाकावा लागतो, पुढं फक्त तो निभवायचा. ऐकायला भव्य आहे. मला त्यात त्या अर्ध्यावर उठलेल्या माणसाचीच काळजी वाटत राहते.

आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. बायकांनी आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. एकीचा हात सवयीनं कपाळावरच्या चांदणीकडंही गेला आणि तिथंच घुटमळला. ती पुसण्यातली नव्हतीच. काजळी असते काळी, पण कातडीखालून निळसर-हिरवी दिसते. त्या दिवशी त्या पांढऱ्या पडलेल्या कपाळावर ती फार हिरवी दिसत होती. एरवी ‘सोनं-नाणं हितंच ऱ्हातंय, गोंदण तेवढं संगं येतंय’ हे सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात, आजीही म्हणायची. मला त्याहून वेगळी गोष्ट लक्षात आली, ती बरीच उशिरा. तोवर ती ‘आईनं गोंदवलं’ असं सांगायची. त्यानंतर ‘म्या गोंदवून घेतलं’ म्हणायला लागली. एका क्रियापदाचा फरक. पन्नासएक वर्षांपूर्वी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं तेव्हा दिलं असावं.

शरीरही काहीसं असंच करतं, हे वाचून मी चकित झाले. गोंदणाची शाई कातडीच्या दुसऱ्या थरात उतरते आणि तिथल्या भक्षक पेशी ती परकी वस्तू म्हणून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. इतके दिवस वाटे की त्याच पेशी ती जन्मभर धरून बसतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून दाखवलं की पेशी मरतात, शाई सांडते, आणि नव्यानं आलेल्या पेशी ती पुन्हा उचलतात. बाहेरून पाहणाऱ्याला तुळस जिथल्या तिथं.

टॅटूवाल्याचा स्टुडिओ स्वच्छ होता, दवाखान्यासारखा. सुया नव्या, आमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या. सही घेतली. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, तेही सांगितलं. मग ते यंत्र सुरू झालं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सॅम्युअल ओरायली या न्यूयॉर्कच्या माणसानं 1891 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचंच ते नातवंड, मिनिटाला हजारो वेळा टोचणारं. आवाज गांधीलमाशीसारखा. गाणं नव्हतं; भाच्यानं कानात इअरफोन घातले. मला कोपऱ्यात स्टूल दिलं होतं.

पहिले दोन तास तो मजेत होता, फोटो काढून गावाकडं पाठवत होता. तिसऱ्या तासाला बोलणं कमी झालं. सुरुवातीची उसनी हुशारी एव्हाना ओसरते, कातडी सुजते, आणि रेघा संपून छायेचं काम येतं तेव्हा त्याच सुजलेल्या जागेवरून सुई पुनःपुन्हा फिरते. टॅटूवाला दर थोड्या वेळानं यंत्र उचलून विचारायचा, ‘ठीक?’ तो मान हलवायचा. प्रत्येक वेळी. मी मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिलं. सकाळची सही मला त्यापुढं अगदी किरकोळ वाटायला लागली.

पाचव्या तासाला कोपराजवळ तो दचकला. सुई आधीच उचललेली होती. या माणसाचा हात चांगला होता, रांग सोडलेला ठिपका इथं पडणार नव्हता. भाच्याचे ओठ पांढरे झाले होते आणि अंगाला बारीक थरथर सुटली होती. ‘आज इथंच थांबू शकतो,’ टॅटूवाला म्हणाला. ‘महिन्यानं या, उरलेल्या कवड्या करू. बरेच जण तसं करतात.’ नामुष्कीबिमुष्की काही नाही, पैसेही वाया जाणार नव्हते.

भाच्यानं इअरफोन काढले आणि माझ्याकडं पाहिलं. मी उठून त्याचं मनगट धरावं असं मला इतकं वाटलं की मी दोन्ही हात स्टुलाखाली घातले.

‘आत्या, डबा दे.’

डबा उघडून समोर धरला. त्यानं एक पेढा खाल्ला, मग दुसरा, अर्धी बाटली पाणी प्यायला. थरथर थोडी कमी झाली. बाहेर संध्याकाळची वाहतूक सुरू झाली होती. तो काही वेळ नुसता कवड्यांकडं बघत बसला; तीन अजून नुसत्याच जांभळ्या छापाच्या होत्या. मग त्यानं डावा हात पँटला पुसला, त्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं आणि हात उचलून पुन्हा गादीवर ठेवला.