मनोगतापुरती बाई

गेल्या २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधातल्या दिवशी, सोलापुरातल्या एका कार्यक्रमाला गेले होते. पूर्व भागातली एक विडी कामगार व्यासपीठावर बसवलेली होती. नवऱ्याचा मार सोसून बाहेर पडलेली. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासाठी ‘मनोगत’ असं छापलं होतं, वेळ पाच मिनिटं. ती बोलली, सभागृह हळहळलं, शाल-श्रीफळ झालं. मग निवारागृहाच्या नियमांचा मसुदा वाटला गेला. तो आधीच छापून आलेला होता. चहाच्या वेळी तिनं तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “ताई, रोज बाहेर सोडणार नाहीत म्हणताय. मग माझ्या विड्या कारखान्यात कोण देणार? पान-तंबाखू कोण आणणार? कामाचं कार्ड गेलं तर मी खाऊ काय? आणि पोरगा तेरा वर्षांचा झालाय, त्याला कुठं ठेवू?”

कामाचा आणि मुलाचा, हे दोन प्रश्न व्यासपीठावर कुणी तिला विचारले नव्हते. तिला विचारलं होतं ते नवऱ्यानं कसं मारलं एवढंच. अशा कार्यक्रमाला आपण आता ‘पीडितांचा सहभाग’ म्हणतो. मला हा शब्दाचा गैरवापर वाटतो. बाईचं दुःख ऐकणं म्हणजे बाईचं म्हणणं ऐकणं नव्हे, आणि महाराष्ट्राला हा फरक एकेकाळी नीट कळला होता.

त्याची सुरुवात सगळ्यांना पाठ आहे. ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, आणि नवऱ्याघरी नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करते असं १८८७ साली सांगणाऱ्या रखमाबाई. जिनं सोसलं तिनंच मांडलं, हे आपल्याकडे दीडशे वर्षं जुनं आहे. मथुरा बलात्कार प्रकरणाचा निकाल, त्याविरुद्धचं १९७९ चं खुलं पत्र, १९८३ सालचं ४९८ अ कलम, तेही नव्यानं सांगायला नको.

घोटाळा होतो तो यापुढे. नेहमीची मांडणी अशी: ऐंशीच्या दशकात संताप होता, मोर्चे होते, मग वकील आले, आंतरराष्ट्रीय करार आले आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. सोसलेल्या बाईला धोरणाच्या टेबलाशी बोलावणं ही त्यानंतरची, प्रकल्पांच्या काळातली सुधारणा. मला हा क्रमच उलटा वाटतो. बाई टेबलाशी आधी आली होती. कायदा तिच्या मागून आला, आणि कायदा आल्यावर तिची खुर्ची काढली गेली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात आठवा. पुण्यात १९८२ मध्ये मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभं केलं. देशभर हुंडाबळींवर निदर्शनं होत होती. ते सगळं गरजेचं होतं. पण ती चळवळ प्रामुख्यानं मेलेल्या बाईच्या वतीनं बोलत होती. मेलेली बाई मागणी दुरुस्त करत नाही. तिच्यासाठी शिक्षा मागता येते, घर मागता येत नाही. ४९८ अ हे त्याच काळाचं अपत्य होतं: नवऱ्याला तुरुंगात घालायची तरतूद त्यात होती, त्या रात्री बाईनं कुठे झोपायचं याची नव्हती.

मग जिवंत बायका बोलू लागल्या. १९८४ साली फ्लेविया ॲग्नेस यांनी स्वतःच्या मारहाणीच्या संसाराची हकिकत छापली. त्या तिथेच थांबल्या असत्या तर आजच्या भाषेत ते ‘मनोगत’ ठरलं असतं. त्या कायदा शिकल्या, वकील झाल्या, मुंबईत ‘मजलिस’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये आधीच्या दशकातल्या सगळ्या स्त्रीविषयक कायद्यांची झडती घेतली: कायदे झाले, पण बाईच्या हाती काय पडलं? हा प्रश्न मार खाल्लेल्या बाईलाच इतक्या धारदारपणे पडू शकतो.

माझ्या मते खरं वळण मात्र मुंबईत नव्हे, संगमनेरात आणि सांगलीत आलं. ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलन, तिकडे इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी परित्यक्तांना परिषदांत एकत्र आणलं. आपण त्या परिषदांची आठवण कशी काढतो? बायका रडल्या, मोकळ्या झाल्या, समाजाला पाझर फुटला. हे वाचन मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या बायका मागण्या घेऊन आल्या होत्या. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड. राहायला जागा. पोटगी. रेशनकार्ड का? टाकलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर अडकलेलं, माहेरच्या कार्डावर भावजय घेऊ देत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी ती कुठेच राहत नाही. ही बाब कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालातून वर आली नसती. त्या बायकांनी प्रश्नच बदलून टाकला. ‘हिला परत नांदायला कशी पाठवायची’ याच्या जागी ‘ही स्वतःच्या नावावर कशी जगेल’ हा प्रश्न आला. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली ज्येष्ठ स्त्री ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरली, तेव्हा मला संगमनेर आठवलं.

छप्पर हवं, हे त्या बायकांचं म्हणणं किती अचूक होतं याचा पुरावा नंतर केरळातून आला. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नावावर काहीच नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के शारीरिक मारहाण सोसलेल्या होत्या. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

२००५ च्या कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आला तो या पार्श्वभूमीवर. २००२ च्या सरकारी विधेयकात ‘सवयीनं’ मारणाराच दोषी ठरत होता. स्त्री-संघटनांनी ते हाणून पाडलं म्हणून हा कायदा मिळाला. पण अंमल सुरू झाल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क नाही असं म्हटलं. ते दुरुस्त व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडलं. चौदा वर्षं बायकांना उंबऱ्यावरून परत पाठवलं गेलं, आणि त्या काळात त्यांना व्यासपीठावर बोलावणं मात्र वाढत गेलं.

कायद्याचं दहावं कलम वाचावं. मदत देणारी संस्था कोण? नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी. संरक्षण अधिकारी कोण, हे आठवं कलम सांगतं. ज्या बायकांसाठी हे सगळं, त्यांनी एकत्र बसून या सेवांचा हिशोब मागावा अशी जागा कायद्यात कुठेही नाही.

काही अधिकारी प्रामाणिकपणे विचारतात, या बायका आपल्या अनुभवात अडकलेल्या असतात, त्यांना धोरण कसं कळणार? त्यांनी सोलापूरजवळच्या कुंभारीला जावं. ज्या वर्षी हा कायदा लागू झाला त्याच २००६ साली तिथे महिला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर सोसायटीच्या दहा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यामागे कामगार नेते आडम मास्तर यांच्याबरोबर वर्षानुवर्षं मोर्चात चाललेल्या, फॉर्म भरलेल्या, हप्त्याचा हिशोब तोंडी सांगणाऱ्या बायका होत्या. हजार विड्यांना किती पान, किती तंबाखू, छाटात, म्हणजे नाकारलेल्या विड्यांत, किती गेलं हे ज्यांना रोज नेमकं ठाऊक असतं, त्यांना निवारागृहाचे नियम कळत नाहीत?

त्या बाईचे दोन प्रश्न मी लेखी स्वरूपात आयोजकांकडे दिले आहेत. कामाला जाण्याची मुभा आणि मोठ्या मुलाला आईजवळ ठेवण्याची सोय, एवढ्याच दोन ओळी. येत्या २५ नोव्हेंबरचा कार्यक्रम जे आखत असतील त्यांना विनंती: यंदा शाल नको. मसुदा छापायला जाण्याआधी तिला वाचून दाखवा, आणि ती ‘हे चालणार नाही’ म्हणाली तर ती ओळ खोडा.