आधी उतरायचं बघ

मोहोपाडा, रसायनी
जानेवारी 2026

चि. भाचेबुवांस,

तुझा मेसेज वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं तर "हो मामा, कळलं मामा" म्हणून तू मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला. तू दोन गोष्टी मागितल्यास. पाताळगंगा एमआयडीसीतला एखादा लेथवाला, जो स्टीलचं नोझल कातून देईल. आणि पनवेलजवळ कोनला तुमच्या बिल्डिंगमागच्या शेतातून रॉकेट सोडलं तर चालेल का, याचा सल्ला. लेथवाला माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, पण त्याला मी सांगणार नाही. आणि शेतातून चालणार नाही. पत्र लगेच फाडू नकोस, पुढे तुझ्या कामाचं बरंच आहे.

नोझल कातून हवंय म्हणजे मोटर घरीच भरायचा बेत आहे, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. 18 जुलै 1980 ला एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह वर नेला तेव्हा मी आठवीत होतो. त्या दिवाळीत लालबागच्या चाळीच्या गच्चीवर मी आणि शेजारच्या दोघांनी बाणांमधली दारू काढून सायकलच्या पंपाच्या नळीत ठासली. नळी जागची हलली नाही, उभी चिरली. माझ्या डाव्या तळहातावरची पांढरी रेघ तुला ठाऊक आहे. ती करवतीची म्हणून मी तुला आजवर सांगत आलो; ती त्या नळीची. तुझे आजोबा गिरणीतली पाळी सोडून मला दवाखान्यात घेऊन गेले. मारलं नाही, बोललेही नाहीत. दिवसाचा पगार मात्र कापला गेला. आज तुम्ही कोनला ज्या घरात राहता ते त्याच गिरणीच्या नावावर, गिरणी कामगारांच्या घरांच्या 2016 च्या सोडतीत लागलेलं. त्या घराच्या किचन ओट्यावर तू कढईत साखर आणि सोरा घोटणार असशील तर मला आत्ताच सांग, मी येऊन कढई घेऊन जातो. व्हिडिओवाल्यांची जमली तेवढीच रॉकेटं तुला दिसतात. भाजलेला हात कोणी अपलोड करत नाही.

स्फोटक पदार्थ बनवणं आणि बाळगणं यावर आपल्याकडे 1884 चा कायदा आणि 2008 चे नियम आहेत, आणि परवान्यांचं मुख्य ऑफिस नागपूरला. "कॉलेजचा प्रोजेक्ट होता" हे पोलिसांना सांगायचं उत्तर नव्हे. पुण्यात जन्मलेले वसंतराव गोवारीकर इंग्लंडमधलं बस्तान सोडून 1967 मध्ये केरळातल्या थुंबाला आले ते घन इंधनाच्या रसायनासाठी, आणि त्यात त्यांच्यासारख्या माणसाची वर्षंच्या वर्षं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आरएच-75 रॉकेट उडालं, 75 मिलिमीटर व्यासाचं. तू पाठवलेल्या चित्रातली नळीही 75 चीच आहे, म्हणून तुला हे सांगावंसं वाटलं. आणि इंधनाची भीती बाळगायला थुंबालाही जायला नको. इस्रोच्या विकास इंजिनाला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड इथेच रसायनीला हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये, म्हणजे एचओसीत, होत आलं. 2017 मध्ये तिथले बाकीचे प्लांट बंद करायचं ठरलं, तेव्हाही तो एक प्लांट इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. त्या तांबूस धुराजवळ काम करणारी माणसं माझ्या बसला असायची. ती डबा उघडायच्या आधी दोनदा हात धुवायची. ही माणसं मोटर घरी करा म्हणणार नाहीत.

तेव्हा मोटर तुझ्या वाट्याची नाही. ती परवानाधारकाची, आयोजकाची, स्पर्धेची. अंतराळ खात्याची इन-स्पेस ही संस्था विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची, म्हणजे डब्याएवढ्या नमुना उपग्रहाची, स्पर्धा घेते. 2025 च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात कुशीनगरकडे पोरांची रॉकेटं उडाली. त्या वाटेने जा. कॉलेजातला एखादा मास्तर सोबत घे, त्याची सही लागेलच. बाकी सगळं रॉकेट तुझं, आणि मोटर सोडून जे उरतं तेच अवघड आहे.

आता शेताचं. कागद घे आणि माझ्याबरोबर गणित कर. तुझं रॉकेट धर चार किलोचं, जाईल धर दोन किलोमीटर वर. म्हणजे कळसूबाईच्याही वर, माथेरानची तर गोष्टच सोड. मोटर दोन-तीन सेकंदांत विझते. पुढची वीसेक सेकंदं ते नुसतं मिळालेल्या वेगावर चढत राहतं, आणि शिखरावर क्षणभर जवळजवळ थांबतं. तिथे मोठी छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली आणि ते सेकंदाला सहा मीटरने उतरू लागलं, तर खाली यायला साडेपाच मिनिटं. वारा सेकंदाला सहा मीटरचा असेल, म्हणजे आपल्याकडची रोजची दुपार, तर ते दोन किलोमीटर वाहत जाणार. कोनहून कुठल्याही दिशेला दोन किलोमीटर चालून बघ काय काय लागतं ते. एक्स्प्रेसवे, जुना पुणे हायवे, गोदामं, टॉवर. रविवारी लोणावळ्याला निघालेल्या एखाद्याच्या काचेवर चार किलोचं फायबर आलं तर तुझी छत्री कितीही चांगली शिवलेली असो. आणि वर बघ. 25 डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झालीत, तुमच्यापासून दहाएक किलोमीटरवर. गच्चीतून तुला ती रोज दिसत असतील. त्या आकाशात तुला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

म्हणून दोन छत्र्या. शिखरावर छोटी, जी रॉकेटला फक्त आडवं-तिडवं करून सेकंदाला पंचवीस मीटरने खाली आणते. आणि जमिनीपासून दोनशे मीटरवर मोठी. हिशेब पुन्हा कर: बहात्तर सेकंद आणि तेहतीस सेकंद, मिळून पावणेदोन मिनिटं, वाहणं सहाशे-साडेसहाशे मीटर. चार किलोला सहाच्या वेगाने उतरवायचं तर साध्या सपाट छत्रीचा व्यास पावणेदोन मीटरच्या आसपास लागतो. तुझ्या चित्रात छत्री म्हणून एका कोपऱ्यात रुपयाएवढा गोल काढलायस. मोटरला मात्र अर्धं पान! हेच मला खटकलं. तुमची सगळी टीम वर कसं जायचं यावर रात्र रात्र बोलते, आणि खाली यायचं काम ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या गळ्यात मारते. उलटं कर. आधी छत्री शीव, मग दोर, मग ते दोन्ही मावतील एवढी नळी, आणि मग त्या नळीला साजेसे पंख.

पंखांचं थोडक्यात सांगतो, त्याची पुस्तकं आहेत. वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, दोघांत नळीच्या एक ते दोन व्यासांएवढं अंतर. 75 ची नळी असेल तर साधारण 75 ते 150 मिलिमीटर. दोन्ही जागा नळीवर पेनने खुणा करून ठेव. मोटर बसवल्यावर वजनाची खूण मागे सरकते, ती नव्याने काढ. अंतर फार वाढवलंस तर रॉकेट वाऱ्याकडे तोंड करून तिरकं पळतं. आणि रेल, म्हणजे रॉकेट ज्यावरून सुटतं ती उभी पट्टी, सोडताना वेग हवा. वजनाच्या पाचपट रेटा आणि तीन मीटरची रेल असेल तर सुटताना ताशी पंचावन्न किलोमीटर मिळतात. त्याहून कमी असताना पंख म्हणजे शोभा.

चिकटवण्याचं मात्र बैजवार ऐक, कारण यात माझी तीस वर्षं गेली. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी पंखांना वापरू नकोस; सावकाश सेट होणारं घे. दोन्ही बाजू खरखरीत होईपर्यंत कागदाने घास, मग पंखाच्या मुळाशी बोटाने गोलसर पन्हळ ओढ. पनवेलच्या पावसाळ्यात इपॉक्सीवर रात्रीत तेलकट थर येतो, तुपाचा हात लागल्यासारखा. तो तसाच ठेवून वर दुसरा हात दिलास तर दुसरा हात पहिल्याला धरतच नाही, आणि आवाजाच्या वेगाजवळ पंख थरथरायला लागला की नेमका तिथून निघतो. पाणी घेऊन घासून धू, वाळव, मग पुढचा हात. त्यापेक्षा हे काम आत्ताच, थंडीत उरक.

आता अल्टीमीटर, आणि तो तपासायची बरणी. अल्टीमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारी चिप. शंभर मीटर चढलं की दाब साधारण बारा मिलिबारने उतरतो, त्यावरून ती उंची ओळखते, शिखर ओळखते, छत्र्यांना हुकूम देते. तिच्या खोलीला बाहेरची हवा लागावी म्हणून नळीला बारीक भोकं पाडतात. रंग देताना ती भोकं बुजतात, आणि मग चिप आत बसून जमिनीवरच असल्यासारखी निवांत राहते. हसू नकोस, हे शहाण्यासुरत्यांचं झालेलं आहे. तर आईकडून लोणच्याची मोठी काचेची बरणी माग. झाकणाला भोक पाडून त्यात सलाइनची नळी बसव, कडा मेणाने बंद कर. आत अल्टीमीटर, बॅटरी, आणि छत्री उडवणाऱ्या दारूच्या जागी दिवाळीच्या माळेतले दोन बारके दिवे. नळी तोंडात धरून हवा ओढ. नुसत्या तोंडाने ओढूनही त्या चिपला तीनचारशे मीटर चढल्याचा भास होतो. श्वास रोख, मग हळूहळू सोड. दाब परत चढू लागला की पहिला दिवा लागला पाहिजे, आणि तू ठरवलेल्या उंचीला दुसरा. मी मागच्या आठवड्यात एका जुन्या चिपवर करून पाहिलं. पहिला दिवा लागला, दुसरा लागलाच नाही. वायर नीट होती, बॅटरी नीट होती. सेटिंग मीटरऐवजी फुटांत होतं; दोनशे मीटर म्हणून भरलेल्याला ती चिप एकसष्ट मीटर समजत होती, आणि माझा श्वास तिथवर पोचण्याआधीच मी चिप बंद करत होतो. खऱ्या उड्डाणात मोठी छत्री जमीन जवळ आल्यावर उघडली असती.

एसएलव्ही-3 च्या यशाची तारीख तुम्हा सगळ्यांना पाठ असते. त्याच्या आधलं उड्डाण 10 ऑगस्ट 1979 चं. ते दुसऱ्या टप्प्यातल्या एका व्हॉल्व्हमुळे समुद्रात गेलं. मी आयुष्यभर व्हॉल्व्हही खोलले आणि बसवले, त्यामुळे ते वाचलं तेव्हा मला त्या व्हॉल्व्हची नाही, तो तपासून सही करणाऱ्या माणसाची आठवण आली. आमच्याकडे एका कारखान्यात रात्रपाळीला मी अशीच एक सही केली होती, न बघता, दहा वर्षांच्या सवयीने. ड्रेन उघडा राहिला होता. दोघांचे डोळे आठवडाभर लाल होते, आणि ते दोघे त्यानंतरही माझ्याच पंगतीला जेवले, हे जास्त लागलं. तेव्हा तुझी तपासणीची यादी हाताने लिही, वाचणारा एक आणि करणारा दुसरा ठेव. अल्टीमीटरचा स्विच रॉकेट रेलवर उभं राहिल्यावरच लाव, त्याआधी कोणी कितीही घाई केली तरी नाही. वारा वाढला, ढग खाली आले, तर रॉकेट गाडीत घालून परत ये. परतीच्या वाटेत टीम तुझ्याशी बोलणार नाही. चहा पाज.

या रविवारी इकडे ये. पाताळगंगेत छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत, कापडाचे आठ त्रिकोण असे जोडतात की शिवण ओढली तरी सरकत नाही. त्यांना मी सांगून ठेवलंय, पावणेदोन मीटर ऐकून त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या छत्रीखाली उभं कोण राहणार?" येताना बरणी आण, आतलं लोणचं आईला दुसरीकडे काढायला सांग, आणि चिपचं सेटिंग मीटरमध्ये करूनच आण.

तुझा,
मामा