उपास कुणी करू नये

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरांत जुन्या काळी दोन शब्द वेगवेगळे वापरले जात. एक ‘सण’, दुसरा ‘रोजा’. वर्षारंभ म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतर लगेच येणारा गदल्याचा उपास म्हणजे ‘नव्याचा रोजा’. हिब्रू पोथ्या हाताशी नव्हत्या तेव्हाही या समाजाने शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. उपासासाठी मात्र त्यांनी शेजारच्या मुसलमानांचा फारसी शब्द उचलला. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला आणि त्यात ही नावं नोंदवली. तो ग्रंथ छापून आला तो १९३७ साली. एका समाजाची स्मृती कोणकोणत्या शेजाराने जपली, हे या दोन शब्दांत दिसतं.

नव्याच्या रोजामागची गोष्ट साधी आणि भयंकर आहे. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम पाडलं. मागे उरलेल्या लोकांवर गदल्या नावाचा ज्यू अधिकारी नेमला गेला. त्याला मारलं ते शत्रूने नव्हे, इश्माएल नावाच्या एका ज्यूनेच. ज्यूंचे धर्मपंडित म्हणतात, सज्जनाचा मृत्यू देवाचं मंदिर जळण्याइतकाच मोठा. म्हणून तिश्री महिन्याच्या तृतीयेला उपास. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाला मारलं, याची आठवण वर्षाच्या उंबरठ्यावर ठेवणारा दिवस पंचांगात असावा, ही गोष्ट थांबून विचार करावा अशी आहे.

असे लहान उपास मुख्यतः चार. गदल्याचा एक. दुसरा तेवेत महिन्याच्या दशमीचा, कारण त्या दिवशी बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सरने यरुशलेमला वेढा घातला. तिसरा तम्मूझच्या सतराव्या दिवसाचा, तटबंदीला खिंडार पडल्याचा. चौथा एस्तेर राणीचा, पुरीम सणाच्या आदल्या दिवशी. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस आणि आव महिन्याची नवमी हे दोन मोठे. ते एका सूर्यास्तापूर्वी सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर सुटतात, म्हणजे सुमारे पंचवीस तास. लहान उपास पहाटे फटफटल्यापासून चांदण्या दिसेपर्यंत. अंघोळीला मनाई नाही, चामडी चपलेलाही नाही. अन्न आणि पाणी एवढंच वर्ज्य.

मराठी माणसाला हे ऐकून पहिला प्रश्न पडतो: मग चालतं काय? वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात एकादशीला साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस अशी यादी ठरलेली असते. आपला उपास पदार्थांवर उभा आहे. ज्यू उपासात पदार्थांची यादीच नाही. तिथले प्रश्न वेगळे: किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत, आणि कोणासाठी? मालेगावच्या अक्षांशावर तम्मूझचा उपास पावसाळ्याच्या तोंडी आला तर तो पंधरा तासांच्या आसपास जातो, तेवेतचा डिसेंबरातला त्याहून दोन-अडीच तासांनी लहान. घड्याळ, आकाश आणि माणसाची प्रकृती, या तिघांवर हा उपास चालतो.

नियम बारीक आहेत आणि त्या बारकाव्यात माणुसकी आहे. पहाटेपूर्वी उठून खायचं असेल तर रात्री झोपतानाच तसं मनाशी ठरवावं लागतं, कारण झोप लागली की कालचा दिवस संपला असं धरतात. रोजेदाराची सहरी ज्याला ठाऊक आहे त्याला हे ओळखीचं वाटेल. कोणी विसरून घास घेतला तर ‘मोडला आता, जाऊ दे’ असं म्हणायचं नाही. तोंडातलं टाकावं आणि उपास पुढे चालू ठेवावा. विसरण्याची ही सोय इस्लाममध्येही आहे. मालेगाव तालुक्यातच शिरपूर आहे, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. तिथे येणारे जैन यात्रेकरू ज्या प्रत्याख्यानाने, म्हणजे त्यागाच्या संकल्पाने, उपास घेतात, त्यातही नकळत घडलेल्या चुकीचा अपवाद आधीच बोललेला असतो. माणूस विसरतो, हे तिन्ही परंपरांनी नियम करतानाच मान्य केलेलं आहे.

लहान उपास शनिवारी आला तर रविवारवर ढकलला जातो, कारण शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद मोडायचा नाही. एस्तेरच्या उपासाला ती वाट बंद, कारण रविवारी पुरीमच असतो. शुक्रवारी उपास धरला तर शब्बाथच्या तयारीत अडथळा, म्हणून तो मागे सरकून गुरुवारी येतो.

खरा गाभा पुढे आहे. योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा ज्यू आचारग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना लहान उपासातून मोकळं ठेवलं आहे. क्राकूचे मोशे इस्सेर्लेस यांनी आपल्याकडची कडक रीत जोडली, पण फार त्रास होत असेल तर तिथेही उपास नाही. आजाऱ्याला नाही, लहान मुलांना नाही. सूट मिळालेल्यांनी मात्र त्या दिवशी चैनीचं खाऊ नये, देहाला लागेल तेवढं खावं. म्हणजे जेवणारी बाई उपासाच्या दिवसाबाहेर पडत नाही. तिने साधं भात-वरण खाल्लं, तरी तो दिवस तिनेही पाळला.

हे इतकं सैल का, याचं उत्तर तालमुद या प्राचीन ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. त्यातले एक पंडित राव पापा यांचं मत असं की शांतता असेल तर हे दिवस आनंदाचे होतात. छळ चालू असेल तर उपास करावाच. दोन्ही नसेल तर लोकांनी वाटल्यास करावा, वाटल्यास करू नये. पुढे समाजाने ते स्वतःहून अंगावर घेतले आणि मग ते बंधन झालं. ज्या नियमाची मुळं लोकांच्या स्वीकारात आहेत, तो त्याच लोकांचा जीव ओढून घेईल कसा? बाराव्या शतकातल्या ज्यू धर्मपंडित मायमोनिदीसने हेतू स्पष्ट लिहून ठेवला: पूर्वजांच्या आणि आपल्या चुका आठवून मन जागं व्हावं. पोट रिकामं ठेवणं हे साधन.

आपल्याकडे नेमका हाच भाग कच्चा राहिला. सातव्या महिन्यातली बाई निर्जळी हरतालिका करते, मधुमेहाची गोळी घेणारा माणूस गुरुवार सोडत नाही, आणि घरात कोणी ‘तू आज जेव’ असं म्हटलंच तर ते श्रद्धा कमी पडल्यासारखं वाटतं. शास्त्रात अपवाद नाहीत असं नाही, पण ते पोथीत राहिले, स्वयंपाकघरापर्यंत आले नाहीत. उपास कुणी करू नये, हे ठणकावून सांगणं हाही उपासाच्या शिकवणीचाच भाग आहे. ते काम डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. ते घरातल्या आजीने, कीर्तनकाराने, मौलवीने, महाराजांनी सांगायला हवं, कारण उपासाच्या बाबतीत लोक त्यांचं ऐकतात.

कोकणातल्या बेने इस्रायली समाजाकडे तर शिकवणारे ग्रंथ उशिरा आले. मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनाघर, बांधलं. १८४६ साली पासोव्हर सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी अनुवादासह छापली गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्याआधी नियम सांभाळले ते चुलीने. आवच्या नवमीला, मोठा उपास असूनही, घरात ‘बिरड्याचा सण’ म्हणत. वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबायचा. साल हातात राहते, दाणा निसटून ताटात पडतो. तासभर बसून बोटं सुरकुततात. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक वर्षानुवर्षं या सोलण्यात जिवंत राहिला, तोही मराठीत. अंगणातल्या कोणा मुलीने विचारलं असेल, आज मटण का नाही? त्या उत्तरातच तिला इतिहास कळला असेल.

तेवेतची दशमी कधीकधी शुक्रवारीच येते. २२ डिसेंबर २०२३ ला ती तशी आली होती. हा उपास सरकत नाही. तो शब्बाथच्या दारापर्यंत चालत जातो. दिवे सूर्यास्तापूर्वी लागतात, पोट अजून रिकामंच. चांदण्या दिसल्या की घरातला कर्ता पेला उचलून किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हणतो. बेने इस्रायली घरात त्या पेल्यात बहुधा काळ्या मनुकांचं सरबत असतं, पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं. दिवसभरातला पहिला घोट तोच.