भेदरलेल्या मुलाचा हक्क

मक्तबातील एखादे मूल वारंवार सबक विसरते, क्षुल्लक कारणावरून शेजाऱ्याला मारते आणि उस्तादांनी आवाज चढवताच दगडासारखे गप्प होते. घरात त्याने मारहाण पाहिलेली असते, किंवा बापाचे छत्र नुकतेच हरपलेले असते. अशा मुलाला सौम्यतेने वागवले, तर तो इतर मुलांवर अन्याय ठरतो का? हा प्रश्न अनेक पालक प्रामाणिकपणे विचारतात.

‘अद्ल’ म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे नव्हे. ज्याचा जो हक्क, तो त्याला देणे होय. दीर्घकाळ भीतीत जगलेल्या मुलाचे शरीर सतत सावध असते. उगारलेला हात दिसताच ते बचावाच्या पवित्र्यात जाते; त्या अवस्थेत पाठांतर होत नाही. आपल्याला जो उद्धटपणा वाटतो, तो पुष्कळदा भयाचाच दुसरा चेहरा असतो. तेथे छडी उगारणे म्हणजे जुन्या जखमेवर नवा घाव घालणे होय.

सूरह अद्-दुहामध्ये अल्लाहने प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रथम त्यांच्या स्वतःच्या अनाथपणाचे स्मरण करून दिले आणि मग यतीमाशी कठोर न होण्याची आज्ञा दिली. हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याचा उल्लेख असलेली हदीस काहीजण पुढे करतात. परंतु तिच्यात सातव्या वर्षापासून शिकवण्याची आज्ञा आधी आहे. म्हणजे तीन वर्षांचा धीर आधी आहे. इजा करणारा आणि चेहऱ्यावरचा मार फुकहांनी निषिद्धच मानला. भेदरलेल्या मुलाला झोडपण्यासाठी या हदीसचा आधार घेणे म्हणजे तिला तिच्या मर्यादेबाहेर ओढणे होय. कठोर शिक्षेने मुले खोटे बोलण्यास आणि ढोंग करण्यास शिकतात, असे इब्ने खल्दून यांनी चौदाव्या शतकातच ‘मुकद्दमा’त बजावले होते.

सौम्यता म्हणजे मोकळीक नव्हे. ज्याने मारले, त्याने माफी मागावीच. पण मन शांत झाल्यावर, आणि चारचौघांत अपमान न होता. रोजची ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि एकच विश्वासाचा उस्ताद, एवढ्यानेही अशा मुलाला आधार मिळतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षेस मनाई केली. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणून आपल्यावरची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. हदीसनुसार बालिग होईपर्यंत मुलावरून लेखणी उचललेली असते. उस्ताद आणि पालकांवरून मात्र ती उचललेली नाही.